नाणेघाटाची वाट बघून आलो

कोपरी, ठाणे (पूर्व)
२० जानेवारी

चि. माऊ हिस अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "बाबा, वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला किती वेळ लागतो? वाटेत पाणी मिळतं का?" मी म्हणालो, बघून सांगतो. तुला वाटलं असेल, बाबा कुणाला तरी विचारून सांगतील. फोन ठेवला आणि मला काही सुचेना. त्या रस्त्यावर मी अकरा वर्षं एसटी चालवली. पायथ्याशी गाडी थांबवायची, सॅक घेतलेली पोरं उतरायची, दार लागलं की डबल बेल, आणि पहिला गिअर टाकून पुढं मोरोशी, माळशेज. अशी किती पोरं उतरवली त्याची गणती नाही. पण ती वाट झाडीत शिरल्यावर पुढं कुठं जाते, हे मला माझ्याच मुलीला सांगता येईना.

म्हणून काल जाऊन आलो. चढलो, वर जेवलो, उतरलो, रात्री साडेआठला घरी. तुझ्या आईनं आल्या आल्या पाय गरम पाण्यात ठेवायला लावले आणि आज सकाळपासून ती माझ्याकडं बघून काही न बोलता कामं करते आहे. राग गेला की ती तुला फोन करेलच. मी मात्र हे पत्रात लिहितो आहे. वाटेचं सगळं नीट क्रमानं सांगायचं आहे, आणि एक गोष्ट अशी आहे की ती मला फोनवर बोलता येणार नाही.

माझ्याबरोबर कंडक्टरकाका होते. रिटायर झाल्यापासून त्यांनी इतिहासाच्या पुस्तकांचा नाद धरला आहे, त्यामुळं लेणी-शिलालेखांचं जे काही पुढं लिहीन ते त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. पहाटेच्या लोकलनं कल्याण, तिथून स्टेशनाबाहेरच्या स्टँडवरून नगरकडं जाणारी गाडी. ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीचं धुकं इतकं दाट होतं की कठडा दिसत नव्हता, आणि माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. पोरगा तरुण होता पण गाडी छान सांभाळत होता. डिपरवर लाइट, हॉर्न कमी, घाई नाही. मुरबाडला चहा झाला. सरळगाव मागं पडलं, टोकावडे आलं, आणि मग समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. गाडी चालवताना मला त्या भिंतीचा एकच अर्थ ठाऊक होता, की आता माळशेज लागणार, गाडीचा आवाज ऐकत राहा. त्या भिंतीला अंगठ्यासारखा वर आलेला एक सुळका आहे आणि त्याला नानाचा अंगठा म्हणतात, हे नाव पोरांच्या तोंडून ऐकलं होतं. पण मान वर करून तो मी काल पहिल्यांदा बघितला.

इथं एक गोष्ट आधी सांगून टाकतो. तुम्ही मैत्रिणी कल्याणपासून जुन्नरपर्यंत जुन्या व्यापारी वाटेनं पायी जायचं म्हणता आहात. कल्याण ते वैशाखरे हे साठेक किलोमीटर पायी चालू नका. हे बाप म्हणून सांगत नाही, ड्रायव्हर म्हणून सांगतो. तिथं जुनी वाट आता उरलेली नाही, तिच्यावर डांबर पडलं आहे. पहाटे धुक्यात भाजीचे टेम्पो, दिवसभर डंपर, आणि रस्त्याच्या कडेला चालायला जागा अशी कित्येक ठिकाणी नाहीच. केबिनमधून माणूस किती उशिरा दिसतो ते मला माहीत आहे. काळं जर्किन घातलेला माणूस तर अंगावर आल्यावरच दिसतो. तेवढं अंतर एसटीनं करा. वैशाखऱ्याच्या पुढं, पायथ्याला उतरा, आणि तिथून जुन्नरपर्यंत खुशाल चाला. खरी वाट तिथूनच सुरू होते.

आम्ही साडेसातच्या सुमारास उतरलो. गाडी निघून गेली आणि एकदम शांत झालं. त्या थांब्यावर इंजिन बंद असताना काय ऐकू येतं हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. सागाची वाळलेली पानं. एक पान पडलं तरी आवाज येतो.

सुरुवातीला वाट रुंद आहे, बैलगाडी जाईल एवढी. एक ओढा लागतो, आता तो कोरडा आहे, नुसते गोटे. चढ अगदी हळूहळू येतो. आणि पौष-माघात सकाळी चढण्यात एक मोठा फायदा आहे, तो कुणी मला आधी सांगितला नव्हता. कड्याचं तोंड पश्चिमेला, सूर्य उगवतो कड्याच्या पाठीमागून. त्यामुळं खाली मुरबाडच्या शेतांवर ऊन पडलेलं दिसतं आणि तुम्ही मात्र डोंगराच्या सावलीत चालत असता. मी स्वेटर, मफलर, सगळं घालून निघालो आणि वीस मिनिटांत स्वेटर काढून कमरेला बांधला. तू एकच जाड जर्किन आणू नकोस. दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाल, चढताना काढता येतात. घामानं भिजलेला कपडा घालून वर वाऱ्यात बसलीस तर थंडी हाडात शिरते. कंडक्टरकाका तसेच बसले आणि आज शिंकतायत.

चुकलो आम्ही एकदा. झाडीत वाटेला फाटा आहे, डावीकडची जास्त मळलेली दिसली म्हणून तिकडं गेलो. पंधरा-वीस मिनिटं चाललो तरी ती चढेना, आडवीच जात राहिली. मग सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली एक आजी समोरून आली. तिनं मोळी उतरवलीसुद्धा नाही. म्हणाली, "ही ढोरांची वाट हाय. मागं जा. पायाखाली लावलेलं दगड आलं की समजा, नाणेघाट." आम्ही मागं फिरलो. अर्धा तास गेला. पण तिचं ते वाक्य मी दिवसभर घोकत होतो, कारण ते अगदी खरं निघालं.

पुढं ते दगड खरोखर येतात. माऊ, हे मला तुला नीट सांगता यायला हवं. मी आयुष्यभर रस्त्यावर काढलं. रस्ता चांगला की वाईट हे मला सीटमधून, कमरेतून कळतं. तो चढ ज्यानं बांधला त्याला रस्ता समजत होता. पायऱ्या उंच नाहीत. ओझं घेतलेलं जनावर न दमता पाय टाकू शकेल एवढ्याच त्या वर येतात. वळणाच्या ठिकाणी दगड आतल्या बाजूला किंचित कललेला, म्हणजे पाऊल दरीकडं जात नाही. आणि मधोमध प्रत्येक दगड खोलगट झाला आहे, तळहाताएवढा, गुळगुळीत. मी बूट काढून एका दगडावर पाय ठेवून बघितला. टाच त्यात बसली. खुरांनी आणि टाचांनी झिजलेलं ते. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली १ जून १९४८ ला. हे आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ असतं, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. इथं दोन हजार वर्षांची वर्दळ एका दगडात दिसत होती.

ही वाट कुठून कुठं जायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. कल्याणला बंदर होतं. समुद्रातून आलेला माल खाडीनं, उल्हासनं कल्याणपर्यंत यायचा, तिथून बैलांच्या पाठीवर हा घाट चढून जुन्नर, आणि पुढं पैठण. कंडक्टरकाका सांगत होते की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेल्या माहितीत कल्याणचंही नाव आहे आणि पैठणचंही. आणि आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडं कान्हेरीची लेणी आहेत ना, तुझी पाचवीची सहल गेली होती ती, तिथं कल्याणच्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे एकच साखळी. आगगाडी १८६३ ला बोरघाट चढली, दोन वर्षांनी थळघाट चढली, आणि मग मोठ्या मालाला हा घाट नकोसा झाला. पण वरच्या घाटघर गावची माणसं अजून याच वाटेनं खाली उतरतात. आम्हाला दोघं भेटले, खाली सोयरिकीत निघाले होते, पायात साध्या चपला, हातात पिशवी.

वर पोचायच्या थोडं आधी पाण्याची टाकी आहेत, कातळात खोदलेली. जानेवारीत त्यांत पाणी आहे. पण वर शेवाळ आणि कडेला लोकांनी टाकलेला कचरा. मी प्यायलो नाही. तुम्ही माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्या, टाक्यांवर विसंबू नका. फेब्रुवारीत तर आणखी उतरेल.

टाक्यांजवळच ती गुहा. आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसेना, मग हळूहळू भिंत उजळली. डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींवर लेख आहे. ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. सातवाहनांच्या राणीनं, नागनिकेनं, तो कोरवला. नवरा राजा सातकर्णी वारलेला, पोरं लहान, आणि कारभार तिच्या हातात. आधी देवांना नमस्कार, त्यात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, आणि मग केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा. गायी किती, हत्ती किती, घोडे किती, गावं किती, कार्षापण नावाची नाणी किती. एका ठिकाणी २४,४०० असा आकडा आहे, तो त्या काळच्या खुणांनी लिहिलेला. त्यांच्याकडं शून्य नव्हतं, त्यामुळं वीस हजाराची खूण, चार हजाराची खूण, चारशेची खूण अशा जोडून. भारतात आकडे कसे लिहायचे याचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे. कंडक्टरकाका त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "चाळीस वर्षं वेबिल भरलं रे, तिकिटांच्या हिशेबाचा कागद. हे वेबिलच आहे, दगडावर भरलेलं." त्यांचा आवाज बदलला होता.

मागच्या भिंतीवर पूर्वी पुतळे होते. राजा, राणी, राजपुत्र, महारठी म्हणजे मोठा सरदार. वर नावं कोरलेली आहेत, आणि खाली आता फक्त पावलं उरलेली. काही ठिकाणी तीही नाहीत. मी तिथं मोबाइलचा उजेड पाडून बघत होतो. नागनिका हे नाव शोधलं, काकांनी बोटानं दाखवलं. जिथून सगळा माल जायचा, जिथं सगळ्यांना थांबावंच लागायचं, बरोबर त्या जागी त्या बाईनं आपलं म्हणणं कोरून ठेवलं. हे ठिकाण निवडायला डोकं लागतं.

रविवार असल्यानं गुहेत गर्दी होती. एका ग्रुपनं रात्री मुक्काम केला होता आणि त्यांनी चूल थेट भिंतीला लावून पेटवली होती. भिंत काळी झाली आहे. मी त्यांना बोललो. रागावून नाही, पण बोललो. त्यांच्यातल्या एका मुलानं सॉरी काका म्हणून राख भरून घेतली, पण काळं झालेलं ते काही जात नाही. तुम्ही गुहेत मुक्काम करू नका, चूल तर नकोच. घाटघरमध्ये घरांतून झोपायची आणि जेवायची सोय होते, लोक चांगले आहेत.

गुहेनंतर नळी. दोन्ही बाजूंना कातळ, मधून पायऱ्या, आणि वरून घाटमाथ्याचा गार वारा सरळ तोंडावर. त्या नळीत पुन्हा मफलर गुंडाळला. बाहेर पडलं की रांजण. एकाच दगडाचा, पोटात पोकळ. जकातीचे पैसे यात टाकायचे असं सगळे सांगतात. मी हात घालून बघितला, आत वाळलेली पानं आणि चिप्सचं एक पाकीट होतं, पाकीट काढून खिशात घातलं. काठ थंडगार होता आणि हाताला गुळगुळीत लागला.

मग आम्ही अंगठ्यावर गेलो. काठाशी जाऊ नकोस, तिथं वारा ढकलतो आणि गवत वाळून निसरडं झालं आहे, मी दोन माणसांएवढा मागं बसलो होतो. समोर सगळं कोकण. गोरखगड-मच्छिंद्रगडाची टोकं. पाठीमागं जीवधन किल्ला आणि त्याला चिकटून उभा वानरलिंगी सुळका. आणि खाली, सुतळीसारखा, माझा रस्ता.

सुतळीवर एक लाल ठिपका चालला होता. एसटी. बहुतेक कल्याणहून आलेली. मी घड्याळ लावून बघितलं, वैशाखऱ्यापासून मोरोशीच्या अंगापर्यंत ती कुठं हळू होते, कुठं पळते. प्रत्येक वळण मला ठाऊक होतं. इथं गिअर उतरवला असेल, इथं समोरून ट्रक आला असेल. अकरा वर्षांची नोकरी त्या दोन बोटांच्या अंतरात मावत होती, माऊ. आणि तिथं बसल्यावर मला जे आठवलं ते तुला सांगायचं आहे.

तू सेकंड इयरला होतीस. डिसेंबर. कॉलेजच्या बारा जणांचा ग्रुप नाणेघाट-जीवधन करणार होता, एक मुक्काम. तू मैत्रिणीची सॅक मागून आणली होतीस, निळी, एका पट्ट्याला सुतळी बांधलेली. मी नाही म्हणालो. तू कारण विचारलंस, मी दिलं नाही. नाही म्हणजे नाही, एवढंच. तू भांडली नाहीस. ती सॅक आठ दिवस कॉटखाली भरलेली तशीच होती, आणि एका संध्याकाळी तू ती रिकामी करून परत देऊन आलीस. चेन उघडल्याचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला होता.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. त्या शनिवारी पहाटेच्या गाडीवर माझीच ड्युटी होती. तुझा ग्रुप माझ्याच गाडीत चढला. ते मला ओळखत नव्हते. मी ओळखलं, कारण तुझ्याकडच्या फोटोत बघितले होते. कंडक्टरकाकांनी तिकिटं फाडली आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "नाणेघाट, अकरा फुल." बारा नाही, अकरा.

पायथ्याला उतरताना त्यांच्यातली एक मुलगी केबिनजवळ आली. लाल टोपरं घातलेली. म्हणाली, "काका, उद्या संध्याकाळी याच गाडीनं परत यायचंय. अंधार पडला तरी थांबाल ना?" मी म्हणालो, थांबीन. आणि मग मी त्यांना विचारलं, जे मी प्रत्येक ग्रुपला विचारायचो. पुढारी कोण? पाणी किती घेतलंय? वाट कुणी बघितली आहे? परतीच्या गाडीची वेळ माहीत आहे? त्यांनी नीट उत्तरं दिली. मी समाधानानं गाडी काढली.

दुसऱ्या संध्याकाळी ते उभे होते. धुळीनं माखलेले, ओठ फुटलेले, आणि इतके आनंदात की गाडीतले सगळे प्रवासी त्यांच्याकडं बघत होते. मुरबाडपर्यंत गाणी म्हटली, मग एकमेकांच्या खांद्यावर झोपले. मी आरशात बघत होतो. दोन-दोनच्या सीटवर अकरा जण म्हणजे एक सीट अर्धी रिकामी राहते. ती अर्धी सीट कल्याणपर्यंत रिकामी होती. मी घरी आलो, तू अभ्यास करत होतीस, मी जेवलो आणि झोपलो. बोललो नाही.

दुसऱ्यांच्या मुलींना मी चार प्रश्न विचारून डोंगरात जाऊ दिलं, आणि तुला एकही प्रश्न विचारला नाही. माळशेजच्या दरीतून वर काढलेल्या गाड्या मी बघितल्या होत्या, आणि रात्रीबेरात्री लोकांच्या घरी निरोप घेऊन गेलो होतो. भीती होती ती तिथली. पण त्या अकरा जणांनाही आईबाप होते आणि त्यांच्या बाबतीत मला ती भीती वाटली नाही, म्हणून हे कारण पुरं पडत नाही, हे मलाही कळतं. माझी चूक झाली. तुझी ती सहल गेली ती गेली. पुढं तू हिमालयात जाऊन आलीस, बेंगळुरूला गेल्यापासून दर पावसाळ्यात कुठं ना कुठं जातेस, फोटो पाठवतेस, आणि मी फोटोंना अंगठा पाठवतो. प्रत्येक वेळी मला ती निळी सॅक दिसते.

हे सगळं कंडक्टरकाकांना तेव्हाच माहीत होतं. काल अंगठ्यावर बसलो असताना ते एवढंच म्हणाले, "अकरा फुल." मी म्हणालो, "हो." मग आम्ही भाकरी सोडली. तुझ्या आईनं दिलेली ज्वारीची भाकरी, ठेचा, वालाची उसळ आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू. माकडं फार आहेत, डबा उघडा ठेवू नका, पिशवी मांडीखाली घेऊन बसा. घाटघरच्या बाजूला एका बाईंच्या टपरीवर चहा घेतला, गुळाचा, आलं घातलेला.

उतरायला आम्ही दीडला सुरुवात केली, आणि तोच उशीर झाला. दुपारनंतर सगळा कडा उन्हात येतो, सकाळची सावली नावाला राहत नाही. चढताना थंडी आणि उतरताना डोळ्यांवर ऊन, एकाच दिवसात. माझा डावा गुडघा मधेच बोलायला लागला. उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही, गाडी गिअरमध्येच ठेवावी लागते. गुडघ्याचंही तेच निघालं. मोठी पावलं टाकून दर पावलाला थोपवत होतो तोवर दुखत होतं. मग लहान पावलं, गुडघा किंचित वाकवून, तिरकं तिरकं उतरलो, तेव्हा जमलं. पायऱ्या संपून मुरमाची वाट लागली तिथं एकदा घसरलो. तळहात खरचटला आहे, हळद लावली आहे, काळजी करू नको. पावसाळ्यात शेवाळावर घसरतात हे सगळ्यांना माहीत असतं, हिवाळ्यात बारीक मुरूम आणि वाळलं गवत तसंच फसवतं. बुटाचा तळ बघून घे.

चढायला आम्हाला चुकलेला अर्धा तास धरून साडेतीन तास लागले, एकसष्टाव्या वर्षी. तुम्ही अडीच तासांत जाल. तुम्हाला उतरायचं नाहीये, ते बरं आहे. घाटघर ते जुन्नर साधारण तीस किलोमीटर, आडबाजूचा रस्ता, वाहनं कमी. दोन दिवसांत निवांत होतील. पण फेब्रुवारीच्या शेवटी येऊ नका, पहिल्या पंधरवड्यातच या, पुढं दुपारचं ऊन चालू देत नाही.

आता माझे प्रश्न. पुढारी कोण आहे? माणसं किती? माणशी पाणी तीन लिटर घेणार ना? वाट कुणी बघितली आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. तो डावीकडचा फाटा कुठं आहे ते मला आता नक्की ठाऊक आहे. म्हणून मैत्रिणींना विचारून बघ, मी तुमच्याबरोबर रांजणापर्यंत आलो तर चालेल का. तिथून पुढं तुम्ही तुमच्या चालीनं जा. मी घाटघरहून जुन्नरची एसटी धरीन आणि माळशेजमार्गे परत येईन, गुडघ्याला पुन्हा तो उतार नको. नाही म्हणाल्या तरी मला वाईट वाटणार नाही. मग मी फक्त कल्याणच्या स्टँडवर गाडीपर्यंत सोडायला येईन.

तिकिटं आई काढू नको म्हणते आहे, आधी तिच्याशी बोल. आणि जुनी एखादी सॅक तुझ्याकडं पडून असेल तर माझ्यासाठी आण. काल पिशवी खांद्याला लावून गेलो होतो, ती सारखी घसरत होती.

तुझा,
बाबा